सदतीस ग्रॅमची नशा

"मला चढत नाही," काटेकाका म्हणाले. "बादली भरून आणा. पिऊन दाखवतो, आणि वर या काट्यावर मोहरीचा एक दाणा तोलून दाखवतो."

हे वाक्य दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, वजनमापे कार्यालयाच्या मोठ्या खोलीत, सर्व कर्मचाऱ्यांसमक्ष उच्चारलं गेलं, अशी नोंद समितीच्या अहवालात आहे. नोंदीत एवढंच राहून गेलंय, की तोपर्यंत काकांनी आयुष्यात एक थेंबही घेतला नव्हता. ज्यानं पाण्यात कधी पाय घातला नाही तो कधी बुडालेलाही नसतो, आणि तेवढ्याच भांडवलावर काही लोक स्वतःला पट्टीचे पोहणारे समजतात. काका त्यातले.

काका म्हणजे कार्यालयाचे ज्येष्ठ तपासनीस. दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. सगळं आयुष्य काट्याच्या सुईकडे बघण्यात गेलं, म्हणून ते काटेकाका. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्या फायलीत एक ताकीद नाही, एक खुलासा नाही, लाल शाईचा एक ठिपका नाही. ही कोरी फाइल हातात घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. तेवढंच राहिलं होतं म्हणा.

सोहळा होता कार्यालयाच्या सदतिसाव्या वर्धापनदिनाचा. सदतीस हा काही कुणी साजरा करायचा आकडा नव्हे. पण चाळिसाव्या वर्षापर्यंत साहेबांची बदली होणार होती, आणि ज्या फलकावर आपलं नाव नाही तो सोहळा करण्यात साहेबांना काही राम वाटत नव्हता. फलकावर लिहिलं होतं : 'सदतीस वर्षे, शून्य तफावत'.

साहेब नव्या वळणाचे. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा, चहात साखर नाही, दुधात दूध नाही. कार्यालयात दारूला बंदी होती, आणि सरबतात साहेबांना सोहळा दिसत नव्हता. म्हणून त्यांनी परिपत्रक काढलं, की या दिवशी 'मद्यसदृश परंतु मद्यविरहित पेय' देण्यात येईल, आणि खरेदीच्या कागदावर स्वतः सही केली. चार खोकी आली. हिरव्या बाटल्या, मानेला सोनेरी कागद, उघडली की फेस. बाटलीच्या पोटावर बारीक अक्षरांत छापलं होतं : बिनमद्याची बियर, मद्यांश अर्ध्या टक्क्याहून कमी.

काकांचा वाचायचा चष्मा खणात होता. परिपत्रक त्यांनी सवयीप्रमाणे न वाचता सही करून पुढे सरकवलं होतं. त्यांना दिसली बाटली आणि दिसला फेस. नको म्हणावं, तर तरुणपणी आपण काय काय प्यायलो याच्या ज्या गोष्टी त्यांनी एकतीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत सांगितल्या होत्या, त्या सगळ्या उघड्या पडणार. तेव्हा बादलीचं वाक्य टाकून त्यांनी पहिली बाटली तोंडाला लावली.

पहिली कडू लागली. दुसरीला कान गरम झाले. तिसरीला खुर्चीचा एक पाय जरा बाजूला सरकून उभा राहिल्यासारखा वाटला.

"हीच ती," काका मनात म्हणाले. "चढली."

तेवढ्यात साहेब भाषणाला उठले. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर, काचेच्या घुमटाखाली कार्यालयाचं प्रमाण-वजन ठेवलं होतं. पितळेचा एक किलो. शहरातलं प्रत्येक वजन याच्याशी ताडून बघायचं, आणि या सोनेरी ठोकळ्यापेक्षा जे वेगळं भरेल ते चूक. साहेबांनी त्याच्याकडे हात केला. "मित्रहो, हा नुसता किलो नाही. हा या शहराचा विवेक आहे!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, विवेक सदतीस ग्रॅम कमी भरतो."

काका उभे होते. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात खुर्ची.

"नियम चौदा," ते म्हणाले. "प्रमाण-वजन सदैव चकचकीत असावे. आपले शिपाई मामा दर शुक्रवारी ते पॉलिश लावून घासतात. सदतीस वर्षं घासतायत. पितळ आहे साहेब, झिजतं. वर्षाला एक ग्रॅम धरा."

"दर वर्षी तपासणी होते की!" साहेब म्हणाले. "तुम्हीच करता. शून्य तफावत!"

"कुठल्या काट्यावर करतो? आपल्याच. आणि त्या काट्याची सुई कशानं जुळवतो? याच वजनानं. ते बुंदीच्या दाण्याएवढं उरलं तरी आपल्या काट्यावर एक किलोच भरेल. दुकानदारांची वजनं आपल्याला जड वाटतात, आपण म्हणतो कानसा, घासून कमी करा. ते हसत हसत कानसतात. त्यांचं काय जातंय?"

खोलीत बाटल्यांमधला फेस बसल्याचा आवाज ऐकू येत होता. काका एवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. त्यांनी खिशातून फोन काढला, बायकोला लावला, आणि नीट दिसत नसल्यामुळे नेमकं तेच बटण दाबलं ज्यानं आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो.

"अगं, ऐक. तुझ्या वडिलांचा किलो खरा होता. माझा खोटा."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, काय प्यायलात?"

आता हे समजायला अठ्ठावीस वर्षं मागे जावं लागतं. काकूंच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. तरुण तपासनीस म्हणून काका तिथे गेले, आणि त्यांना दुकानातला किलो नऊ ग्रॅम जास्त आढळला. कानसून घ्या, ते म्हणाले. म्हातारा म्हणाला, "माझा किलो मी कानसणार नाही. तुमचा झिजलाय, तो बघा." म्हाताऱ्याचं दुकान 'जादा माप देऊन ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल' बंद झालं. जप्त वजन परत मागायला त्याची मुलगी अकरा वेळा कार्यालयात आली. बाराव्या वेळी वजन आणि काका दोघंही तिच्या घरी गेले. वजनावर 'रद्द' असा ठसा होता, काकांवर काही नव्हतं.

म्हातारा पुढे तीन-चार वर्षांत गेला, ते कपाळावर तो ठसा घेऊनच. ते वजन काकूंच्या ओट्यावर राहिलं. बाजारातून काहीही आलं, की काकू ते तोलायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या किलोची साखर कमी भरते." काका वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "तुझा किलो जास्त आहे." संसारात लोक पैशावरून भांडतात, नातेवाइकांवरून भांडतात. हे दोघं सत्तावीस वर्षं काही ग्रॅमांवरून भांडत होते, आणि दर वर्षी एक ग्रॅम जास्त भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी काकांना आत बोलावलं.

"काका, काल तुम्ही प्यायला होतात."

"हो साहेब. चुकलो. आयुष्यात पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा? आणि ते तरुणपणीचं, ते सात बाटल्यांचं?"

"ते राहू द्या साहेब."

"बरं. काल काय प्यायलात?"

"तुम्ही आणलेली बियर."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बियर म्हणू नका! मद्यविरहित पेय. खरेदीवर माझी सही आहे. त्यात मद्य निघालं, तर कार्यालयात दारू आणली म्हणून मी घरी."

काकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्या बाटलीत काहीच नव्हतं. त्यांचे कान पुन्हा गरम झाले, या वेळी काही न पिता. "म्हणजे मी प्यायलो नव्हतो," ते हळूच म्हणाले.

"नव्हतात, तर जे बोललात ते शुद्धीत बोललात. मग किलो कमी आहे. मग सदतीस वर्षं अख्खं शहर कमी तोलतंय. मग आपण सगळेच घरी."

"मग साहेब, मी होतो तरी काय?"

"तेच ठरवायचंय. पेयात मद्य नव्हतं आणि तुम्ही नशेत होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या पाहिजेत." साहेबांनी एक छापील अर्ज पुढे केला. "यावर सही करा. किरकोळ ताकीद देऊन सोडतो. नाही केलीत, तर वरिष्ठांचा जाहीर अवमान, चौकशी आणि चार महिने आधी बडतर्फी."

काकांनी अर्ज वाचला. आज चष्मा लावला होता. 'मी नशेत होतो व त्या भरात बोललेले सर्व असत्य आहे.' त्यांनी पेन उघडलं. मग त्यांना काकूंचा रात्रीचा चेहरा आठवला. जेवताना काकूंनी ते वजन ओट्यावरून उचलून काकांच्या ताटासमोर ठेवलं होतं आणि विचारलं होतं, "शुद्धीत म्हणालात की नशेत? एवढंच सांगा." काकांनी डोकं दुखत असल्याचं सांगितलं होतं. हा आजार प्यायल्यावर होतो, असं त्यांना ऐकून ठाऊक होतं.

"साहेब, विचार करायला वेळ द्या."

"घ्या. तोवर समिती नेमतो."

अशी 'मद्यविरहित मद्यधुंदता पडताळणी समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष साहेब. सदस्य दोन : भांडार सांभाळणाऱ्या भांडारबाई, आणि आठवड्यातून दोनदा येऊन आजारपणाच्या रजांवर सह्या करणारे डॉक्टर. समितीपुढे प्रश्न एकच होता. बिनमद्याच्या बियरनं माणसाला चढते का? उत्तरही एकच होतं, ते साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. फक्त मधला भाग भरायचा होता.

पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी घोळ घातला.

"चढत नाही," ते म्हणाले. "अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यांश. चढेल एवढी प्यायची म्हटलं तर आधी पोट भरेल, आणि जे आत जाईल ते अंग आपोआप निस्तरत राहील. माणूस फार तर सारखा उठून मोरीत जाईल. एवढा अंश तर जास्त पिकलेल्या केळ्यातही सापडतो."

भांडारबाईंच्या हातातलं केळं अर्ध्यावर थांबलं. त्या रोज अकरा वाजता दोन केळी खायच्या. "म्हणजे डॉक्टर, मी सव्वीस वर्षं कामावर..."

"नाही हो बाई!"

"नाही कसं? तुम्हीच म्हणालात." बाईंनी उरलेलं केळं सालीत गुंडाळलं आणि पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं.

"मग काकांना चढली कशी?" साहेबांनी विचारलं.

"चढली नाही. चढली असं वाटलं. बाटली बघितली, फेस बघितला, मन म्हणालं आपण प्यायलो. मन म्हणालं की पायही ऐकतात."

"वाटलं याला रकाना नाही," बाई म्हणाल्या. "अर्जात दोनच आहेत. शुद्धीत आणि नशेत."

मग चालण्याची चाचणी ठरली. नशेतला माणूस सरळ रेषेवर चालू शकत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. कार्यालयाच्या बोळात मापाची म्हणून एक पांढरी रेषा आखलेली होतीच. काका तिच्यावरून चालले, आणि सहाव्या पावलाला डावीकडे वळून भांडारघराच्या दारावर आदळले.

"नशा!" साहेब म्हणाले.

"साहेब, रेषाच तिकडे जाते," काका कपाळ चोळत म्हणाले.

खात्री करायला डॉक्टर चालले. तेही आदळले. बाई चालल्या, पण सव्वीस वर्षांच्या सवयीनं किल्ली काढून दार उघडून आत गेल्या. एकटे साहेब नाकासमोर सरळ चालत गेले, आणि त्यामुळे तिसऱ्या पावलालाच रेषेबाहेर पडले. ही रेषा कार्यालयाच्या प्रमाण-मीटरनं आखली होती. मीटरही दर शुक्रवारी चकचकीत होत होता आणि एका बाजूनं झिजत होता, त्याबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. श्वासातली दारू मोजणारी नळी आणली. तिच्यात सगळ्यांचं शून्य आलं. नळी नादुरुस्त असल्याची नोंद झाली.

शेवटी समितीनं स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. उरलेल्या बाटल्या आल्या. बाईंनी लेखी सूचना वाचली : "प्रयोगादरम्यान सदस्य जे बोलतील ते नशेत बोललेले समजावे. कुणावरही कारवाई होणार नाही." सगळ्यांना ठाऊक होतं की बाटलीत काही नाही. सगळ्यांनी लेबल मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांनी घोट घेतला.

अर्ध्या बाटलीपर्यंत काही झालं नाही. मग भांडारबाईंनी ओठ पुसले. "साहेब, तुमच्या भाषणात मी एवढ्या टाळ्या का वाजवते माहितीये? हात मोकळे राहिले तर कानांवर जातात."

"बाई!" साहेब म्हणाले.

"नशेत आहे मी."

डॉक्टर खुदकन हसले. "नऊ वर्षांत मी इथे एकाचीही नाडी बघितलेली नाही. सही करताना फक्त वार विचारतो. सोमवारी पोट, शुक्रवारी पाठ."

बाटल्या उघडून देणारे मामा, म्हणजे सदतीस वर्षं वजन घासणारे शिपाई, दाराशी उभे होते. त्यांनी न विचारता एक बाटली स्वतःसाठी उघडली. "पहिल्या वर्षापासून मला ठाऊक आहे झिजतंय ते. फडक्याला पिवळं पिवळं लागतं, ते काय माझ्या हाताची हळद आहे होय?"

"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी पाजलीच नाही."

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बाटली एका दमात रिकामी केली, मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "मला वजनमापांतलं ओ की ठो कळत नाही. मी मत्स्य खात्यातून आलोय. मला पोहताही येत नाही. आणि हा पट्टा सकाळी मी मुलाच्या झोक्याला बांधतो, म्हणून एवढी पावलं."

थोडा वेळ खोलीत फार छान वाटत होतं. सगळ्यांचे कान गरम होते. मग बाईंनी निष्कर्ष लिहिला : 'चढते. शुद्धीतला माणूस असे काही बोलणे शक्य नाही.'

याचा परिणाम मात्र कुणी धरला नव्हता. निष्कर्ष फलकावर लागला, आणि आठवड्याभरात प्रत्येक टेबलावर एक हिरवी बाटली दिसायला लागली. कुणाला कुणाशी खरं बोलायचं असलं की फक् करून झाकण उडायचं. ऐकणाराही रागवायचा नाही, कारण समोरचा प्यायलेला होता. हे लोण बाहेर गेलं. शिंपी बाटली उघडून सांगायला लागले, की कपडा नीट शिवलाय, पोट तुमचं आहे. मास्तर पालकांना बाटली दाखवून मुलाची अक्कल सांगू लागले. कवी एकमेकांकडे रिकाम्या हातानं जाईनासे झाले. शहरात एवढं खरं कधीच बोललं गेलं नव्हतं, आणि त्यातल्या एका अक्षराचाही कुणावर परिणाम झाला नाही. सगळं नशेतलं.

समितीनं काकांना सहीसाठी सोमवार दिला. आदल्या संध्याकाळी काकांनी तो अर्ज काकूंच्या पुढ्यात ठेवला. "सही केली की विषय संपला. चार महिन्यांनी मी मोकळा."

काकूंनी कागद दोन बोटांनी बाजूला केला. "आणि माझे वडील?"

"अगं, ते आता कुठे आहेत..."

"ओट्यावर आहेत." वजन खरोखरच तिथे होतं, उताणं. पोटावरचा 'रद्द' स्पष्ट दिसत होता. काकूंनी माठातलं पाणी भांड्यात ओतून समोर ठेवलं. "हे प्या. आणि त्या दिवशी फोनवर म्हणालात ते पुन्हा म्हणा. एकदाच. मी दुसरं काही मागत नाही."

काका भांडंभर पाणी प्यायले. तोंड उघडलं. तोंडातून शब्द आले, "पाणी गार आहे."

"अठ्ठावीस वर्षं तुमच्या सुईकडे बघितलंत," काकू भांडं उचलत म्हणाल्या. "एकदा माझ्याकडे बघून खरं बोलायचं, तर तुम्हाला रिकामी बाटली लागते. चढत नाही म्हणे!"

सोमवारी समिती बसली. अर्ज समोर, पेन उघडं. काकांनी नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि दार उघडून काकू आत आल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. थेट काट्यापाशी गेल्या आणि पिशवीतलं वजन त्यावर ठेवलं. सुई थरथरली आणि थांबली.

"एक किलो सदतीस ग्रॅम," साहेबांनी वाचलं. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "बघा. जास्तच आहे."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुमच्याच काट्यावर नऊ ग्रॅम जास्त होतं. तुमच्याच कागदावर लिहिलंय," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून ते माझ्या ओट्यावर आहे. मी त्याला खायला घालत नाही. मग अठ्ठावीस ग्रॅम वाढलं कसं?"

समिती विचारात पडली.

"ओल धरली असेल," भांडारबाई म्हणाल्या.

"वयानुसार वजन वाढतं," डॉक्टर म्हणाले.

काकांनी पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात पाण्याचा जग होता. ते उठले, पेला भरला, तो सगळ्यांना दाखवला, आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. या वेळी काकांनी खुर्ची धरली नाही. ते काकूंकडे बघत होते.

"हे पाणी होतं," ते म्हणाले. "आपला किलो कमी आहे. सासऱ्यांचा खरा होता. मी त्यांचं दुकान बंद केलं ते चूक होतं, आणि ते मला पाच-सहा वर्षांतच कळलं होतं. फाइल कोरी राहावी म्हणून गप्प बसलो. मी शुद्धीत आहे. लिहून घ्या."

बाईंचा हात कागदावर थांबला. मामांनी दारात डोळे पुसले, हातातलं पॉलिशचं फडकं वापरून, त्यामुळे नंतर त्यांचे डोळे दोन दिवस लाल होते. साहेबांनी काकांचा रिकामा पेला उचलला. वास घेतला. उजेडात धरून बघितला.

"हे पाणी कुठलं?"

"आपल्या टाकीतलं," मामा म्हणाले.

साहेबांनी बाईंना मजकूर सांगायला सुरुवात केली : "साध्या पाण्यानेही चढते, असे प्रत्यक्ष प्रयोगात आढळून आले."

त्याच दुपारी परिपत्रक निघालं. कार्यालयाच्या आवारात पाणी आणणं, बाळगणं आणि पिणं यांवर बंदी आली. टाकीला लाखेची मोहोर बसली. काकूंचं वजन समितीसमोर नशेत उल्लेखलं गेल्यामुळे पुरावा म्हणून जप्त झालं. घरी जाताना काकू रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून चालत होत्या. चौकात काकू म्हणाल्या, "ऐकलं मी." आणि पिशवी काकांच्या हातात दिली.

काकांना बडतर्फ केलं नाही. नशेतल्या माणसाच्या बोलण्यानं वरिष्ठांचा अवमान होत नाही. चार महिन्यांनी ते रीतसर निवृत्त झाले. फायलीत एकच ओळ पडली, लाल शाईत : 'पाण्याने चढते. एरवी वर्तन चांगले.' वजन परत मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला, त्याला उत्तर आलं, की तफावत दूर होताच परत करण्यात येईल. जप्त मालही चकचकीत ठेवायचा असतो, तेव्हा मामा ते दर शुक्रवारी घासू लागले. पण प्रमाण-वजनही दर शुक्रवारी घासलं जात असल्यामुळे तफावत हटेना. मग म्हाताऱ्याचा किलो दर मंगळवारीही घासावा, असा आदेश निघाला. प्रगती समाधानकारक असल्याचं कळतं.

तुम्ही म्हणाल, असली कार्यालयं आमच्याकडे नाहीत. नसतील. पण परवा किलोभर साखर आणून तुम्ही डब्यात ओतलीत, तेव्हा ती नेहमीच्या खुणेच्या थोडी खालीच राहिली, हे तुम्ही बघितलंत. डबा जरासा हलवलात आणि झाकण लावलंत. त्या वेळी तुम्ही काहीही प्यायला नव्हतात.

गेल्या शुक्रवारी घासता घासता म्हाताऱ्याचा किलो मामांच्या हातातून निसटला आणि घुमट काढून मखमलीवर ठेवलेल्या प्रमाण-वजनावर पडला. प्रमाण-वजनाचा चार ग्रॅमचा टवका उडाला. सुई नव्यानं जुळवण्यात आली असून, सर्व दुकानदारांनी सोमवारपासून आपापली वजनं कानसून आणावीत, असं कळवण्यात आलं आहे. टवका चकचकीत करून फायलीला लावला आहे.